जखमी कामगार आणि परतफेडीचे कलम

सन १९९८ मध्ये उत्तर भारतातील एका शहरात, एका केंद्रीय खात्याच्या कार्यशाळेत मी प्रशासन अधिकारी म्हणून रुजू झालो. पहिल्याच महिन्यात टेबलावर आलेल्या फाईलींमध्ये ऑडिटच्या आक्षेपांची एक जाडजूड फाईल होती. त्यातला एक परिच्छेद एका चतुर्थ श्रेणी कामगाराविषयी होता. दोन वर्षांपूर्वी काम करताना लोखंडी प्लेट पडून त्याचे पाऊल मोडले होते आणि तो साडेतीन महिने कामावर येऊ शकला नव्हता. त्या काळात त्याला इस्पितळ रजेचा पगार मिळाला होता, आणि शिवाय कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ याखाली दर पंधरवड्याची रक्कमही मिळाली होती. रजेचा नियम असा होता की ज्या कर्मचाऱ्याला १९२३ चा कायदा लागू आहे, त्याच्या रजावेतनातून या पंधरवड्याच्या रकमेइतकी वजावट करावी. आमच्या बिल शाखेने ती केली नव्हती. जादा दिलेली रक्कम ४,२०० रुपये. ऑडिटचा शेरा दोन शब्दांचा होता : 'वसुली करावी.'

मी वसुलीच्या आदेशावर सही केली. नियम स्पष्ट होता, बेरीज बरोबर होती, दरमहा ३०० रुपयांचे १४ हप्ते पाडून दिले होते. यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटलेही नाही. दुसऱ्या दिवशी तो कामगार दारात उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "साहब, गलती किसकी थी, इतना बता दीजिए।" मी सांगितले, कार्यालयाची. पैसे मात्र तुम्हालाच भरावे लागतील. त्याने मान हलवली आणि गेला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते, तरी तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. नंतरच्या बदल्यांमध्ये, विशेषतः कामगार विषयाशी संबंध आला तेव्हा, मी या कायद्याचा इतिहास सवडीने वाचत गेलो. अपघातात जखमी झालेल्या कामगाराच्या हाती एकदा पडलेले पैसे कोणत्या परिस्थितीत परत मागता येतात, एवढाच माझा शोध होता. त्यात जे सापडले ते मला अनपेक्षित होते. शंभर वर्षांपूर्वीच्या, वसाहतीच्या सरकारने केलेल्या कायद्याने या प्रश्नाचा जितका बारकाईने विचार केला होता, तितका पुढच्या काळात क्वचितच झाला.

१९२३ पूर्वी कामगाराला भरपाई मागण्याचा मार्ग म्हणजे दिवाणी दावा. मृत्यू झाल्यास १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा होता, पण मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वारसांवर होता. गिरणीत हात गमावलेल्या माणसाने वकील लावून मालकाची चूक शाबीत करावी, ही अपेक्षा कागदावरच राहणार हे उघड होते. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याची आणि इंग्लंडने १८९७ मध्ये मालकाच्या थेट जबाबदारीची वाट धरली : चूक कोणाचीही असो, अपघात कामातून आणि कामाच्या दरम्यान झाला असेल तर भरपाई द्यायची. मात्र इंग्लंडच्या त्या पहिल्या कायद्यात एक विचित्र तरतूद होती. कामगाराने आधी नुकसानीचा दावा लावला आणि तो हरला, तर त्याच न्यायालयाला नव्या कायद्याप्रमाणे भरपाई ठरवता येई. पण चुकीचा मार्ग धरल्यामुळे झालेला खर्च त्या भरपाईतून कापून घेण्याची मुभा होती. म्हणजे पैसे हाती येण्यापूर्वीच त्यातून परतफेड सुरू.

भारतातील कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यातील रकमा आज वाचताना संकोच वाटतो. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी ते. कायमच्या पूर्ण अक्षमतेला ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, त्यातही जे कमी ते. तात्पुरत्या अक्षमतेला पंधरवड्याला १५ रुपये किंवा मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, आणि तोही पहिले दहा दिवस सोडून. ही दहा दिवसांची अट १९३३ मध्ये सातावर आणि १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. रकमांच्या बाबतीत कायदा कंजूष होता यात वाद नाही. रॉयल कमिशन ऑन लेबरने, ज्यात आपले ना. म. जोशी सदस्य होते, १९३१ च्या अहवालात त्याच्या कक्षा रुंदावण्याची शिफारस केली, त्यामागे हेही कारण होते.

परंतु रकमेची कंजुषी आणि पैसे परत घेण्याची वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या कायद्याची रचना पाहा. मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हाती द्यायचीच नाही. ती आयुक्ताकडे जमा करायची. मालकाने परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जाणार नाही. स्त्रिया आणि अज्ञान व्यक्ती यांच्या ठोक रकमेलाही तोच नियम. इतरांनी मालकाशी तडजोड केली तर त्या कराराची आयुक्ताकडे नोंद हवी, आणि रक्कम अपुरी असेल किंवा करार फसवणुकीने, दबावाने झाला असेल तर आयुक्ताने नोंद नाकारायची. भरपाईवर जप्ती नाही, ती गहाण टाकता येत नाही, आणि तिच्यापोटी दुसरा कोणताही दावा वळता करून घेता येत नाही. थोडक्यात, सगळी तपासणी पैसे देण्याच्या आधी. दाराशी पहारा कडक ठेवायचा, कारण एकदा आत गेलेले धान्य कोठारातून परत काढता येणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

कलम ८ मध्ये तर हे शब्दांतच आले आहे. मृत कामगाराच्या अवलंबितांमध्ये पैशांची वाटणी केल्यानंतर परिस्थिती बदलली, उदाहरणार्थ आईने मुलांकडे दुर्लक्ष केले, तर आयुक्त आपला आदेश बदलू शकतो. पण त्याच्या परंतुकात म्हटले आहे की ज्या बदलामुळे अवलंबिताला आधीच मिळालेली रक्कम परत करावी लागेल, असा बदल करता येणार नाही. लागलीच पुढच्या उपकलमात एकच अपवाद : रक्कम फसवणुकीने, तोतयेगिरीने किंवा अन्य गैरमार्गाने मिळवली असेल तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल. लबाडी केली असेल तर तहसीलदार दारात येईल; केली नसेल तर दिलेले पैसे दिलेले. ही रेषा इतकी स्वच्छ आहे की सरकारी कायद्यात ती पाहून मी थबकलो होतो.

जखमी पण जिवंत असलेल्या कामगाराच्या बाबतीत कायद्याने शब्द वापरला तो वजावटीचा. पंधरवड्याची रक्कम सुरू असताना प्रकृतीत बदल झाला तर डॉक्टरच्या दाखल्यासह मालक किंवा कामगार पुनर्विलोकन मागू शकत असे. रक्कम वाढेल, घटेल, बंद होईल, किंवा अक्षमता कायमची ठरली तर ठोक रकमेत रूपांतर होईल. आणि त्या ठोक रकमेतून आधी मिळालेली पंधरवड्याची रक्कम वजा होईल. वजाबाकी शून्याखाली गेली तर उरलेले कामगाराने आणून द्यावेत, असे या कायद्यात म्हटलेले नाही. मालकाने औषधोपचारासाठी दिलेले पैसे तर या वजावटीत धरायचेच नाहीत, असे स्पष्टीकरणही पुढे जोडले गेले.

अपघात तिसऱ्याच माणसाच्या चुकीने झाला तर काय, हा परतफेडीचा आणखी एक प्रसंग. अमेरिकेच्या अनेक राज्यांत कामगाराने त्या तिसऱ्याकडून नुकसानी मिळवली की त्यातून मालकाची किंवा विमा कंपनीची रक्कम आधी परत द्यावी लागते, आणि तेथील जखमी कामगारांच्या परतफेडीच्या कहाण्यांपैकी कितीतरी याच वाटेने जातात. आपल्या १९२३ च्या कायद्याने ती वाट वळवली. भरपाई दिलेल्या मालकाने त्या तिसऱ्या माणसाकडून थेट वसूल करावे, असे कलम १३ सांगत होते. कामगाराला मात्र दिवाणी न्यायालय की आयुक्त यांतून एकच दार निवडावे लागे. वाहन अपघातांतही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६७ ने तीच निवड ठेवली. निवड चुकली तर कामगाराचे नुकसान होत असे, हे खरे. पण ते नुकसान कमी मिळण्याचे होते. घेतलेले परत करण्याचे नव्हते.

येथवर मी या कायद्याचे कौतुकच केले. आता त्याची दुसरी बाजू. मालकाने अपील केले तर? भरपाईची रक्कम आयुक्ताकडे जमा केल्याचा दाखला जोडल्याशिवाय मालकाला अपील करता येत नसे, ही चांगली अट. परंतु त्याला जोडूनच कलम ३० अ होते : अपिलाचा निकाल लागेपर्यंत आयुक्त ती जमा रक्कम रोखून धरू शकत असे, आणि उच्च न्यायालयाने सांगितले तर त्याला ती रोखावीच लागे. याचे कारण उघड होते. कामगाराकडून पैसे परत मिळणार नाहीत, म्हणून ते आधी द्यायचेच नाहीत. परतफेडीची भीती कायद्याने काढून टाकली खरी, पण तिची किंमत प्रतीक्षेच्या रूपाने कामगाराकडूनच वसूल केली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे कलम सगळ्यांत बोलके वाटते, कारण त्यात अनिश्चिततेचा भार कोणी उचलायचा याचा हिशेब उघडा पडतो. मालकाचे पैसे सरकारी खात्यात सुरक्षित, आणि हात तुटलेला माणूस घरी उसनवारीवर.

ही प्रतीक्षा किती लांबत असे याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. जुलै १९६८ मध्ये एका चित्रपटगृहातील नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९७५ च्या अखेरीस. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ही पूर्ण अक्षमताच आहे, असे न्यायालयाने मान्य केले. आणि भरपाई देय होते ती आयुक्ताच्या निकालाच्या दिवशी नव्हे, अपघाताच्याच दिवशी, असेही ठरवले. व्याज आणि दंड यांच्या हिशेबाला या निकालाने पाया मिळाला. पण अपघात आणि निकाल यांमध्ये सात वर्षे गेली होती.

कलम ३० अ शेवटी २०१७ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. त्याच दुरुस्तीने अपिलासाठी वादातील रकमेची किमान मर्यादा ३०० रुपयांवरून १०,००० वर नेली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली असलीच तर या दुसऱ्या गोष्टीची. माझ्या मते पहिली अधिक महत्त्वाची होती. पैसे रोखण्याचे खास कलम गेल्यावर ते कामगाराच्या हाती लवकर पडण्याची शक्यता वाढते. आणि मग अपिलात रक्कम कमी झाली तर वरचे पैसे परत घ्यायचे का, हा १९२३ च्या लोकांनी शिताफीने टाळलेला प्रश्न समोर उभा राहतो. उच्च न्यायालये आपल्या सर्वसाधारण अधिकारात स्थगिती देताना काही भाग हमीवर काढू देतात. हमी म्हणजे परतफेडीचेच वचन. ज्याच्याकडे जामीन देण्यासारखे काही नाही, त्याला ही वाट अर्धीच उघडी.

आता १९४८ च्या कायद्याकडे येतो. प्रा. भा. पु. अडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना मांडली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी ती तपासून प्रसूती लाभ आणि कामावरील इजा यांचाही त्यात समावेश सुचवला. त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले. मालकाच्या मर्जीवर आणि ऐपतीवर अवलंबून असलेली भरपाई आता सामायिक निधीतून, हक्काने आणि दरमहा मिळणार होती. स्वतंत्र भारताच्या सामाजिक सुरक्षेचा हा पहिला मोठा टप्पा, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

मात्र या कायद्यात कलम ७० होते. कायद्याने हक्क नसताना ज्या व्यक्तीने लाभ किंवा रक्कम घेतली असेल, ती परत करण्यास ती व्यक्ती जबाबदार राहील. ती मरण पावली असेल तर तिच्या मालमत्तेतून वारस जबाबदार. रोख नसलेल्या लाभाचे, म्हणजे औषधोपचाराचेसुद्धा, मूल्य ठरवून ते मागता येईल. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. १९२३ च्या कायद्यात हे हत्यार फसवणूक आणि तोतयेगिरी यांच्यासाठी राखून ठेवले होते. येथे त्याला 'हक्क नसताना' एवढे दोनच शब्द पुरले. खोटे विधान करणाऱ्याला शिक्षेचे कलम वेगळे होतेच; कलम ७० मध्ये लबाड आणि प्रामाणिक असा भेद उरला नाही.

प्रामाणिक माणूस या कलमात कसा सापडे? कलम ६३ प्रमाणे ज्या दिवशी वेतन मिळते अशा रजेच्या किंवा सुट्टीच्या दिवशी, अथवा संपाच्या दिवशी, तात्पुरत्या अक्षमतेचा लाभ देय नव्हता. नियमावलीने सवलत दिली असेल तेवढाच अपवाद. आता कल्पना करा : कामगार घरी पडून आहे, दवाखान्याचे दाखले देतो आहे, रोख लाभ घेतो आहे, आणि तिकडे कारखान्यातल्या हजेरी कारकुनाने तेच दिवस भरपगारी रजेत टाकले आहेत. कागदावर दुहेरी रक्कम. वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाचेही तसेच. एखादी महत्त्वाची बाब सांगायची राहिली असेल, मग ते जाणूनबुजून असो वा नसो, तर निर्णय पुन्हा उघडता येत असे. वाद विमा न्यायालयात नेता येई. काही शे रुपयांसाठी कोणता कामगार रोज बुडवून तेथे जाणार, हा प्रश्न निराळा.

या कलमामागे तर्क नव्हता असे मी म्हणणार नाही. मालकाच्या खिशातून एकदा जास्त गेले तर तो त्याचा तोटा. विमा निधीतून चुकीने गेलेला रुपया हा दुसऱ्या कामगाराच्या वर्गणीचा असतो. त्या निधीत कामगाराचा हिस्सा जानेवारी १९९७ पासून वेतनाच्या १.७५ टक्के होता, जुलै २०१९ पासून तो ०.७५ टक्के झाला. निधीचे रक्षण करणे हे विश्वस्ताचे कर्तव्यच. आम्हाला एम.ए.ला शिकवीत की विमा फुकट वाटला की माणसे बेफिकीर होतात, म्हणून काही धाक हवा. पण धाकाने सावध होणार तो चूक करू शकणारा माणूस. चूक हजेरी कारकुनाची असेल आणि धाक कामगाराला, तर त्यातून सावधपणा कोणात येणार? शिवाय विमा लागू असलेल्या कामगाराला जुन्या कायद्याचे दार बंद होते. दूरचित्रवाणी संच दुरुस्त करताना त्यातील भाग फुटून डोळा गमावलेल्या एका कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच सांगितले : कलम ५३ मुळे १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येणार नाही.

या दोन्ही कायद्यांची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या तरतुदींचा बराचसा मजकूर तिच्यात उतरला आहे, आयुक्ताच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आला आहे. दोन कायदे एका पुस्तकात बांधताना त्यांच्यातील ही तफावत मिटवण्याची संधी होती. संहितेवरच्या चर्चेत हा विषय निघाल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

प्रामाणिक माणसाकडून वसुली करावी का, हा वाद आपल्याकडे गाजला तो पगाराच्या संदर्भात. १९९४ मध्ये हरियाणातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की त्याने काही खोटे सांगितले नव्हते, चूक कार्यालयाची होती, म्हणून दिलेले परत घेऊ नये. २०१२ मध्ये दुसऱ्या निकालात चाक उलटे फिरले आणि त्याचा आधार घेऊन फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जादा रक्कम वसूल करण्याचे परिपत्रक काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने वसुली करता येणार नाही असे पाच प्रसंग सांगितले. त्यांतला पहिलाच तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा. २ मार्च २०१६ रोजी केंद्राने त्याप्रमाणे नवे परिपत्रक काढले.

ते परिपत्रक माझ्या टेबलावर आले तेव्हा मी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या पदावर होतो. ते वाचताना मला प्रथम सुचले ते १९९४ च्या निकालाविषयी. मी सही केली तेव्हा तो निकाल चार वर्षांचा झाला होता. कोणी मला तो दाखवला नव्हता, आणि मीही शोधला नव्हता. वसुली माफ करण्याचा प्रस्ताव वर पाठवता आला असता. त्याला एक टिपणी आणि फार तर दोन स्मरणपत्रे लागली असती. बिल शाखेतील ज्यांच्या हातून वजावट राहिली, त्यांना एक लेखी समज देऊन विषय संपला होता. तीही मीच दिली होती.

पुढे एका तपासणीच्या निमित्ताने त्या शहरात जाणे झाले, तेव्हा जुन्या नोंदवह्या काढायला लावल्या. पहिला हप्ता ऑगस्ट १९९८ च्या पगारातून कापला गेला होता, चौदावा सप्टेंबर १९९९ च्या. एकही चुकला नव्हता. शेवटच्या नोंदीसमोर लाल शाईत 'आक्षेप निकाली' असा शेरा आहे आणि त्याखाली माझी सही.